कॉलेज, पॉप्युलर संगीत आणि कामाचा अनुभव : ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या गिटारच्या, कीबोर्डच्या, गाण्याच्या क्लासमध्ये दोन प्रकारचे पालक येतात. एक फी विचारतात, दुसरे 'याच्यात पुढे काय?' विचारतात. दुसऱ्या प्रकारचे दरवर्षी वाढतायत. मी शिकवतो आणि थोडं तयार झालेल्या मुलामुलींना स्टुडिओत, शोवर कामाला पाठवतोही. त्यामुळे तेच ते प्रश्न फोनवर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. शास्त्रीय संगीतातच पुढे जायचं असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. तो रस्ता वेगळा आणि तिथला सल्ला गुरूंकडूनच घ्यावा.

पॉप्युलर संगीताचा अभ्यास म्हणजे नेमकं काय? गाणी तर यूट्यूबवरही शिकता येतात.

गाणं वाजवता येणं हा त्यातला एक भाग झाला. बँडमध्ये वाजवणं, अरेंजमेंट, चाल बांधणं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, स्टेजचा आवाज, करार आणि हक्क, शोचं नियोजन हे सगळं त्याच अभ्यासात येतं. यूट्यूबवर एकट्याने शिकलेला गिटारवाला लगेच ओळखू येतो. कॉर्ड स्वच्छ असतात, बोटं पळतात, पण ड्रमरने लय जरा मागे खेचली की हा आपला पुढे निघून जातो. चार माणसांत वाजवणं चार माणसांतच शिकावं लागतं.

परदेशात याचं रीतसर शिक्षण जुनं आहे. बॉस्टनचं बर्कली १९४५ साली सुरू झालं. इंग्लंडमध्ये सोळा ते एकोणीस वयाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमांत कामाचा अनुभव धरलेलाच असतो, पॉप्युलर म्युझिकही त्याला अपवाद नाही. आपल्याकडे हे शिक्षण कॉलेजच्या बाहेरच झालं : मेळ्यात, ऑर्केस्ट्रात, स्टुडिओत काचेच्या अलीकडे गप्प बसून. आता अभ्यासक्रम आले, फी आली, प्रमाणपत्रं आली. पण माणूस तयार होतो तो अजूनही त्या जुन्याच जागी. म्हणून कोर्स निवडताना मी पहिलं एवढंच बघायला सांगतो, की हा कोर्स मुलाला खऱ्या कामाच्या खोलीत किती तास बसवतो.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत अशी पदवी मिळते का?

नेहमीच्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांत 'पॉप्युलर म्युझिक' नावाची पदवी सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला आहे, त्याचा भर शास्त्रीय आणि सुगम संगीतावर. गोरेगावच्या फिल्मसिटीत व्हिसलिंग वुड्स या खासगी संस्थेत संगीताचं शिक्षण मिळतं. ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्वेटरी चेन्नईत आहे. ध्वनिमुद्रणात खोल जायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआयचा (फिल्म इन्स्टिट्यूटचा) साऊंडचा अभ्यासक्रम आहे, पण तो पदवीनंतरचा आणि प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. खासगी संस्थांची फी लाखांत असते.

खासगी संस्थेत चौकशीला जाल तेव्हा भिंतीवरच्या गिटारी आणि कलाकारांचे फोटो बघून भारावू नका. विचारा : पदवी कोणतं विद्यापीठ देतं, की हा नुसता संस्थेचा स्वतःचा डिप्लोमा आहे? गेल्या वर्षीचे विद्यार्थी कामाच्या अनुभवासाठी कुठे कुठे गेले, आणि त्यातल्या दोघांशी फोनवर बोलता येईल का? एका विद्यार्थ्याच्या वाट्याला महिन्याला स्टुडिओचे किती तास येतात? 'आमचं सगळ्यांशी टायअप आहे' असं मोघम उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. सगळी फी एकरकमी भरली तर सवलत, अशी गळ घालणाऱ्यांपासून तर थोडं लांबच.

ठाण्या-वाशीच्या बहुतेक मुलांसाठी मला घराजवळच्या कॉलेजातली साधी पदवी आणि बाहेर गंभीरपणे संगीत हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. जोशी-बेडेकर, बांदोडकर, ज्ञानसाधना, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, नेरूळचं एसआयईएस, जिथे प्रवेश मिळेल तिथे घ्या आणि आल्या आल्या सांस्कृतिक विभागाचं दार ठोठवा. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात भारतीय गायन, पाश्चात्त्य गायन, समूहगीत, लोकवाद्यवृंद असे प्रकार असतात. त्याच्या तालमींत जे शिकायला मिळतं त्याला वेगळी फी नाही.

घरचे म्हणतात, बी.कॉम. कर आणि संगीत छंद म्हणून ठेव. काय सांगू?

बी.कॉम. करा. पण छंद म्हणून नको, दुसरं काम म्हणून करा. छंदाला वेळापत्रक नसतं, कामाला असतं. शिवाय या धंद्यात हिशेब कळणारा वादक दुर्मीळ आहे. बिल कसं द्यायचं, टीडीएस किती कापला गेला, तो परत कसा मिळवायचा हे कळणाऱ्या मुलाला ऑर्केस्ट्राचा मालक हातचा सोडत नाही.

विशारद किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड झाल्या असतील तर फायदा होतो का?

होतो, पण कशासाठी होतो ते समजून घ्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ पासूनचं आहे, त्याचं कार्यालय आपल्या वाशीतच आहे. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, पुढे अलंकार. शाळेत संगीत शिक्षक व्हायचं असेल, क्लास काढायचा असेल, तर विशारदला मान आहे. कान आणि ताल पक्का होतो तो फायदा वेगळाच.

ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप परीक्षेत गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड किंवा गाणं यांपैकी एक घेऊन तीन गाणी सादर करायची असतात, शिवाय ऐनवेळी दिलेल्या तुकड्यावर वाजवणं किंवा सुचेल तसं वाजवणं. रॉकस्कूल या दुसऱ्या परीक्षा मंडळाचंही साधारण तसंच. परदेशी प्रवेशाला सहावी ते आठवी ग्रेड कामी येते. स्टुडिओत मात्र आजवर कोणी कोणाला ग्रेड विचारलेली मी पाहिलेली नाही. तिथे विचारतात, 'काळी चारमध्ये वाजवशील का?' म्हणजे चौथी काळी पट्टी 'सा' धरून.

मला नोटेशन वाचता येत नाही. चालेल का?

सुरुवातीला चालेल. पण कॉर्ड चार्ट, म्हणजे गाण्यात कुठे कोणता कॉर्ड येतो तो कागद, वाचता आणि लिहिता यायलाच हवा. तालमीत गाणं ऐकून दहा मिनिटांत अंतरा-मुखडा-म्युझिक असा आराखडा कागदावर उतरवता येणं ही या शहरातली खरी साक्षरता आहे. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य लेखन) शिकलात तर व्हायोलिन आणि ब्रास असलेल्या कामात वेगळी किंमत मिळते.

नवीन शैक्षणिक धोरणातली ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) संगीतात करता येते का?

हा प्रश्न गेल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात जास्त येतोय. राज्यातल्या नव्या रचनेत पदवीच्या शेवटच्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची चार क्रेडिट्स असतात. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. मेख अशी, की हे प्रशिक्षण तुमच्या मुख्य विषयाशी जोडलेलं असावं लागतं. बी.ए.एम.एम.सी.च्या (मास मीडियाच्या) मुलीला ऑडिओ स्टुडिओ सहज बसतो. बी.कॉम.वाल्याने 'मी ड्रम वाजवले' असं लिहून दिलं तर विभागप्रमुख तो कागद परत करणार, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यानेच इव्हेंट कंपनीत शोचं बजेट, कलाकारांची बिलं, साऊंडच्या भाड्याचा हिशेब असं काम घेतलं तर तेच १२० तास बसतात, आणि बसल्या जागी धंद्याची आतली बाजू कळते. आय.टी. किंवा कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना ऑडिओ सॉफ्टवेअर, लाइव्ह स्ट्रीमिंग असे विषय आहेत.

दुसरा दरवाजा क्षेत्र प्रकल्पाचा, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष जागी जाऊन केलेल्या अभ्यासाचा (फील्ड प्रोजेक्ट). तो फार कमी जण वापरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. ठाणे आणि नवी मुंबई ही मुळात आगरी-कोळ्यांची गावं. चेंदणी कोळीवाडा, बाळकुम, कोलशेत, घणसोली, कोपरखैरणे, करावे, दिवाळे. या समाजाच्या लग्नात धवलारीण असते, ती धवले गाऊन विधी पुढे नेते. आता त्याच अंगणात रात्री बेंजो आणि डीजे वाजतो. सकाळचा धवला आणि रात्रीचं हळदीचं गाणं यांच्या चाली, ठेका, शब्द शेजारी ठेवून अभ्यास करायला समाजशास्त्राची, मराठीची, मास मीडियाची मुलं का जात नाहीत? धवलारणीची रीतसर परवानगी घ्या, तिला मानधन द्या, रेकॉर्डिंगची एक प्रत तिच्या घरी पोचवा. लोकप्रिय संगीत कुठून येतं ते यातून जितकं कळेल तितकं कुठल्याच स्लाइडमधून कळणार नाही.

ओजेटीचं पत्र, हजेरीचा तक्ता, मार्गदर्शकाची सही हे सगळं काम सुरू होण्याआधी कॉलेजकडून समजून घ्या. स्टुडिओवाला माणूस चांगला असला तरी कागदाच्या बाबतीत तो बेफिकीर असतो. तीन महिन्यांनी सही मागायला गेलात तर तो गोव्यात शोवर असेल.

कामाचा अनुभव मिळतो कुठे? सगळे स्टुडिओ तर अंधेरीत आहेत.

मोठे स्टुडिओ अंधेरी, ओशिवरा, गोरेगाव पट्ट्यात आहेत हे खरं. ठाण्याहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने वर्सोवा, असा रोजचा प्रवास करणारे बरेच जण आहेत. पण सुरुवात तिथेच करायला हवी असं नाही. किंबहुना सुरुवात तिथे करूच नये, कारण मोठ्या ठिकाणी नवख्याला कोणी कशाला हात लावू देत नाही.

पहिलं ठिकाण सांगतो : नाट्यगृह. आपल्याकडे गडकरी रंगायतन आहे, घोडबंदर रोडच्या बाजूला घाणेकर आहे, वाशीला विष्णुदास भावे, पनवेलला वासुदेव बळवंत फडके. नाट्यगृहाच्या ऑफिसात जाऊन 'इंटर्नशिप आहे का' विचारू नका, ते पालिकेचं ऑफिस आहे. नाटकाबरोबर पार्श्वसंगीत ऑपरेट करणारा माणूस येतो, त्याला गाठा. त्याच्या मागे अंधारात बसायला मिळालं तरी खूप. एंट्रीचा क्यू (इशारा), दिवा जाताना म्युझिक किती सेकंदांत विरवायचं, नट वाक्य विसरला तर पुढचा तुकडा कसा धरून ठेवायचा, हे सगळं तिथे डोळ्यांसमोर घडतं. संहितेच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या त्याच्या खुणा बघा, पुढे कुठल्याही शोची क्यू शीट तुम्हाला परकी वाटणार नाही.

दुसरं : साऊंडवाले. स्पीकर, मिक्सर, माइक भाड्याने देणारे. गणपती ते दिवाळी या काळात त्यांना माणसं कमी पडतात. काम अंगमेहनतीचं आहे, कपडे खराब होतात आणि जेवण उभ्याने होतं. पण सहा महिन्यांत सिग्नल कुठून कुठे जातो ते पाठ होतं.

तिसरं : ऑर्केस्ट्रा आणि कराओकेचे कार्यक्रम. ठाण्यात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम बाराही महिने चालतात. गायक हौशी असोत की व्यावसायिक, मागे वाद्यवृंद लागतो. पहिल्या कार्यक्रमाला तुम्हाला साइड रिदम (मुख्य तालाला साथ देणारी छोटी वाद्यं) किंवा दुसरा कीबोर्ड मिळेल. गायक माइकवर येता येता हळूच म्हणतो, 'घसा बसलाय रे, आज पांढरी पाच कर.' निवेदिकेची दोन वाक्यं संपायच्या आत अख्खं गाणं दुसऱ्या पट्टीत डोक्यात फिरवायचं असतं. कीबोर्डची पट्टी आपोआप बदलणारं ट्रान्सपोजचं बटण आहे, मान्य. पण त्या बटणावर जगणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत, कारण ते परत शून्यावर आणायला तो कधी ना कधी विसरतोच.

चौथं : फ्लॅटमधले छोटे स्टुडिओ. घोडबंदर, कोपरखैरणे, खारघर इथे एका खोलीत चालणारे स्टुडिओ आहेत. पॉडकास्ट, डबिंग, आगरी-कोळी गाणी, भीमगीतं, गणपतीची गाणी, लग्नाची आमंत्रणगीतं यांवर ते चालतात. दिसायला साधे असतात, पण तिथे एकच माणूस सगळं करतो, म्हणून नवख्याच्या वाट्यालाही सगळं येतं.

शाळांच्या गॅदरिंगला ट्रॅक वाजवणं आणि मुलांची गाणी बसवणं हेही चांगलं काम आहे. डिसेंबर-जानेवारीत भरपूर मिळतं.

डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठे कॉन्सर्ट होतात. तिथे इंटर्नशिप मिळेल का?

जस्टिन बीबर २०१७ मध्ये, यू-टू २०१९ मध्ये, कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये, हे सगळे नेरूळला वाजवून गेले. त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. अशा शोला तात्पुरती मुलं घेतात : गेटवर, पाहुण्यांच्या व्यवस्थेत, धावपळीच्या कामांना. दांडगा कार्यक्रम कसा उभा राहतो ते बघायला एकदा जरूर जा. संगीत शिकायला जाऊ नका. शो चालू असताना तुम्ही बहुधा पार्किंगमध्ये उभे असाल.

पहिल्या दिवशी स्टुडिओत किंवा शोवर काय करावं लागतं?

वायरी गुंडाळाव्या लागतात. ऐकायला हलकं वाटतं, पण नव्या मुलाची परीक्षा तिथेच होते. कोपर आणि अंगठ्याभोवती दोरीसारखी वायर गुंडाळली की आतली तार पिळली जाते आणि काही महिन्यांत ती खरखरायला लागते. बरोबर पद्धत अशी, की एक वळसा सरळ आणि पुढचा वळसा उलटा, मनगट आत वळवून. अशी वायर फेकली तर गाठ न पडता सरळ पसरते. हे घरी दहा मीटरच्या वायरवर हात बसेपर्यंत करा. वायर नीट गुंडाळणारा मुलगा दिसला की साऊंडवाला दादा दुसऱ्याच दिवशी त्याला माइक लावायला सांगतो.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सरकडून वायरीतूनच येणारी वीज) लागतो. तो आणि चॅनल बंद केल्याशिवाय वायर उपटली तर स्पीकरमधून मोठा धमाका होतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात. माइकवर टिचकी मारून किंवा फुंकर घालून तपासू नका, बोलून तपासा. फाइलच्या नावात गाणं, टेम्पो, पट्टी आणि टेक नंबर लिहा. व्हिडिओसाठीचं काम असेल तर सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर आहे ना, ते रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी विचारा. गायिका आत गात असताना बाहेर मोबाइल बघत हसू नका. तिला काचेतून फक्त तुमचं हसणं दिसतं, ती गाणं थांबवते.

चहा आणायला सांगितला तर आणा. रोज फक्त चहाच आणायला सांगत असतील तर दोन आठवड्यांनी स्पष्ट विचारा, 'दादा, मला सेशनला बसता येईल का?' उत्तर नाही आलं तर जागा बदला.

पैसे मिळतात का? फुकट किती दिवस काम करायचं?

शिकाऊ काळात प्रवासखर्च आणि जेवण मिळालं पाहिजे, त्याखाली जाऊ नका. ज्या दिवशी तुमच्या कामाचं बिल गिऱ्हाइकाला लागतं त्या दिवसापासून तुम्हालाही पैसे मिळायला हवेत. एखादं रेकॉर्डिंग तुम्ही एकट्याने सांभाळलं, शोला कीबोर्ड तुम्ही वाजवला, तर तो अनुभव नव्हे, ते काम झालं. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य ऐकलं की तारीख आणि रक्कम विचारा. माझ्या एका विद्यार्थ्याने एका सीझनला भरपूर कार्यक्रम केले आणि मालकाने पुढच्या गणपतीपर्यंत पैसे झुलवले. त्याच्याकडे एकही मेसेज नव्हता, सगळं तोंडी. निदान व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या : कार्यक्रमाची तारीख, जागा, मानधन, कधी देणार.

मी केलेली चाल किंवा वाजवलेला तुकडा कोणी वापरला तर हक्क कोणाचा?

आधी कागद बघावा लागेल. नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीत असताना, तिचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट वेगळं ठरलं नसेल तर साधारणपणे मालकाकडे जातो. तुम्ही शिकाऊ असलात तरी हा मुद्दा येऊ शकतो, म्हणून पत्रात हे एका ओळीत लिहून घ्यायचं : 'विद्यार्थ्याने स्वतः रचलेली चाल, शब्द किंवा बीट वेगळ्या कराराशिवाय वापरले जाणार नाहीत.' समोरचा नाही म्हणाला तर आपल्या चाली तिथे गुणगुणू नका, एवढाच उपाय.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कुठल्या करारानेही काढून घेता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला दिला तर गोष्ट वेगळी. शब्द आणि चाल यांसाठी आयपीआरएस ही सोसायटी १९६९ पासून आहे. गायकांच्या हक्कांसाठी इस्रा ही वेगळी संस्था आहे, ती आता वादकांनाही धरून इसाम्रा म्हणून ओळखली जाते. एखादं गाणं प्रसिद्ध झालं आणि त्यात तुमचं नाव आहे, की लगेच सभासदत्वाची चौकशी करा. सुरुवातीला चेक छोटाच असेल.

हळदीत बेंजोबरोबर वाजवलं, ते रेझ्युमेवर लिहू का? मित्र हसतात.

लिहा. ठळक लिहा. हळदीत समोर नाचणारी माणसं असतात आणि ठेका पडला तर ती तोंडावर सांगतात. चार तास न थांबता गाण्यातून गाण्यात जायचं, बेंजोवाल्याच्या मानेच्या इशाऱ्यावर लय चढवायची, जनरेटर गेला तर नुसत्या ढोलकीवर मांडव धरून ठेवायचा. वातानुकूलित सभागृहात बसून टाळ्या घेणाऱ्या बऱ्याच वादकांना हे जमणार नाही. जे हसतात त्यांना एक रात्र दिवाळे गावात घेऊन जा.

मुलगी आहे. रात्रीचे शो, अनोळखी स्टुडिओ. आम्ही काय बघावं?

पहिल्या भेटीला सोबत जा. यात कमीपणा नाही, चांगला स्टुडिओवाला स्वतःच म्हणतो, 'काकू, येऊन बघून जा.' किती माणसं काम करतात, दुसरी एखादी स्त्री तिथे आहे का, काम कधी संपतं, परत येण्याची सोय काय, हे विचारा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. छोट्या स्टुडिओत तेवढी माणसं नसतात, मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुलीला हे आधीच माहीत असू द्या.

उघड्यावरच्या शोला रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. गणपती, नवरात्र अशा ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत असते, ती वर्षाला पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. पण वाजवणं दहाला थांबलं तरी आवराआवर व्हायला आणखी दीड-दोन तास जातात. घरी येण्याची वेळ त्यावरून धरा, पत्रिकेवरून नको.

लॅपटॉप, सॉफ्टवेअर, माइक यांवर सुरुवातीला किती खर्च करावा?

जेवढा कमी होईल तेवढा. घरात असलेला लॅपटॉप, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक किंवा वाद्य लॅपटॉपला जोडणारा डबा), एक बरा हेडफोन. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना साठ डॉलरला मिळतो. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. चोरीचं सॉफ्टवेअर घेऊन स्टुडिओत जाऊ नका, तिथलं एखादं सेशन उघडलं नाही की सगळ्यांसमोर उघडे पडाल. महागडा माइक तर अजिबात नको. पंख्याचा, कुकरचा, खालच्या रिक्षाचा आवाज तो जास्त स्वच्छ पकडतो.

बिल्डिंगमध्ये ड्रम्स वाजवू देत नाहीत.

देणारही नाहीत. रबरी प्रॅक्टिस पॅड घ्या, पुढे चामड्याऐवजी जाळी असलेले (मेश हेडचे) ड्रम्स. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही, खोलीतला घुमारा तेवढा थोडा कमी होतो आणि झुरळं होतात. तासावर मिळणारी जॅमरूम (सरावाची खोली) चौघांत वाटून घेतली की परवडते.

एआय आता गाणी करतं. मग हे शिकून उपयोग काय?

मागे नुसतं वाजत राहणारं संगीत, स्वस्तातली जिंगल, लिफ्टमधलं म्युझिक ही कामं कमी होतील असं मला वाटतं. त्यांच्या भरवशावर करिअर आखू नका. घाणेकरला साडेआठच्या प्रयोगाला क्यू देणारा, घसा बसलेल्या गायकाला सांभाळून घेणारा, पाऊस आल्यावर स्टेजवरचा मिक्सर आधी झाकणारा माणूस लागणारच आहे.

अनुभवाची नोंद कशी ठेवावी?

साधी वही. तारीख, जागा, काम, कोणाच्या हाताखाली, काय नवीन कळलं, काय बिघडलं आणि ते कसं निस्तरलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मुलाखतीत 'मला लॉजिक, क्यूबेस, प्रोटूल्स येतं' असं सॉफ्टवेअरची नावं घेत सगळेच सांगतात. 'भर कार्यक्रमात डावा मॉनिटर (गायकाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) गेला तेव्हा मी उजवा मधे ओढून गायकासमोर फिरवला' असं सांगणारा लक्षात राहतो. परदेशी अर्ज करायचा झाला तरी हीच वही पोर्टफोलिओच्या कामी येते. तिथे ऑडिशन आणि स्वतःचं रेकॉर्ड केलेलं काम मागतात.

लोकलमध्ये वाद्य नेता येतं का?

लगेजच्या डब्यातून न्या. ट्रान्सहार्बरवर ठाण्याहून वाशीकडे दुपारी काही अडचण येत नाही, संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी गिटारसुद्धा नेऊ नका. गिटार पाठीवर नको, पुढे छातीशी धरा, वरचं टोक खाली करून, नाहीतर दारातून आत शिरताना हेडस्टॉक आपटतो. कीबोर्डला जाड फोमची बॅग घ्या आणि अॅडाप्टर वेगळ्या पिशवीत ठेवा. शोच्या जागी पोचल्यावर सगळ्यात जास्त वेळा घरी राहिलेली वस्तू तीच असते.